सामायिक विश्रांतीचे अर्थशास्त्र

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाच्या दिवसाची कमाल मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत आणि दुकाने व आस्थापनांतील मर्यादा ९ वरून १० तासांपर्यंत वाढविण्यास मान्यता दिली. आठवड्याचे ४८ तास कायम राहतील आणि जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती घ्यावी लागेल, अशी ग्वाही सोबत होतीच. त्यानंतरची चर्चा अपेक्षित वळणाने गेली. उद्योजकांनी लवचिकतेचे स्वागत केले, कामगार संघटनांनी पिळवणुकीचा इशारा दिला. तथापि दोन्ही बाजूंचा हिशेब तासांचा आणि रुपयांचाच होता. बारा चोक अठ्ठेचाळीस; चार दिवस काम झाले की तीन दिवस विश्रांती. मग कामगाराचे बिघडले कोठे, असा प्रश्न बिनतोड वाटावा असा केला गेला.

या गणितात एक गृहीत दडलेले आहे. विश्रांतीचा एक तास हा कोणत्याही दुसऱ्या तासासारखाच असतो, गव्हाच्या एका पोत्याऐवजी दुसरे पोते घ्यावे तसा तो बदलून घेता येतो, असे ते गृहीत. मंगळवारी दुपारी मुले शाळेत, पत्नी कामावर आणि शेजारच्या दाराला कुलूप असताना मिळालेला मोकळा तास आणि सगळे घरी असताना मिळालेला तास यांचे मोल कागदावर सारखेच पडते. माणसाच्या शरीरात मात्र ते सारखे पडत नाही. ही गोष्ट आज मज्जासंस्थेचे अभ्यासक सांगत आहेत. मुंबईच्या गिरणीकामगारांनी ती सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी आपल्या मागणीत मांडली होती.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा भरवून जो अर्ज तयार केला, त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. त्यातील मागण्या आजच्या दृष्टीने साध्याच दिसतात. दुपारी अर्ध्या तासाची सुट्टी, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, वेळेवर पगार, अपघाताची भरपाई, आणि सर्वांत आधी दर रविवारी सर्वांना सुट्टी. महिन्यातून चार खाडे चालवून घ्या, असे ते म्हणत नव्हते. त्यांना एकच आणि तोही सर्वांचा दिवस हवा होता. रविवार हा खंडोबाचा वार, ही गोष्टही या मागणीमागे होती असे सांगितले जाते, आणि ते स्वाभाविकच आहे. कारण कुलदैवताची तळी एकट्याने भरायची नसते. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ही मागणी मान्य केली. आज कार्यालयांत, शाळांत, बँकांत जो रविवार निसर्गनियमासारखा येतो, त्याच्यामागे असा झगडा आहे. आणखी एका आकड्याची आठवण येथे अस्थानी ठरू नये. विजेच्या दिव्यांमुळे गिरण्या रात्री उशिरापर्यंत चालू लागल्यावर, बऱ्याच गदारोळानंतर १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांच्या दिवसाला जी मर्यादा घातली, ती १२ तासांचीच होती.

सोबतीचा आणि शरीराचा संबंध काय, याचे उत्तर पूर्वी ‘मनाला बरे वाटते’ एवढ्यावर संपत असे. गेल्या काही दशकांत ते अधिक नेमके झाले आहे. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या मज्जातंतूंच्या छेदाच्या अगदी वर, सुमारे वीस हजार पेशींचा एक पुंजका असतो. तो शरीराचे मुख्य घड्याळ चालवतो. झोपेला साहाय्य करणारे मेलाटोनिन केव्हा पाझरावे, पहाटे कॉर्टिसॉल केव्हा चढावे, शरीराचे तापमान केव्हा उतरावे, हे त्याच्या तालावर ठरते. पेशीतील हे घड्याळ जनुकांच्या पातळीवर कसे चालते, याच्या शोधाबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पण हे घड्याळ स्वतःहून बिनचूक २४ तासांचे नाही. जर्मनीत म्यूनिकजवळ आंडेक्स येथे युर्गेन आशॉफ यांनी स्वयंसेवकांना जमिनीखालच्या खोल्यांत, बाहेरचा उजेड आणि घड्याळ यांपासून दूर ठेवले, तेव्हा त्यांचा दिवस २४ तासांहून लांबत गेला. म्हणजे घड्याळ रोज कोणीतरी जुळवून द्यावे लागते. मुख्य जुळवणी सूर्य करतो. जेवणाच्या वेळा यकृतासारख्या अवयवांच्या घड्याळांना वळण लावतात. आणि जेवण केव्हा, झोप केव्हा, दिवा केव्हा मालवायचा, हे तर बहुतेक घरांत दुसरी माणसेच ठरवीत असतात.

१९८८ मध्ये पिट्सबर्ग येथील एलर्स, फ्रँक आणि कुप्फर या संशोधकांनी यावरूनच एक विचार मांडला. जोडीदाराचा मृत्यू, नोकरी जाणे, स्थलांतर यांसारख्या घटनांनंतर काही माणसांना नैराश्य का ग्रासते? दुःख हे कारण उघडच आहे. पण त्याबरोबरच, दिवसाचे घड्याळ जुळवून देणारा माणूसही निघून गेलेला असतो, याकडे त्यांनी लक्ष वेधले. चाळीस वर्षे सकाळी सहाला ज्याच्यासाठी चहाचे आधण चढत असे, तो गेल्यावर सहा वाजण्याला अर्थच उरत नाही. मग उठणे लांबते, जेवण टळते, रात्र लांबते. पुढे मनोविकारांच्या उपचारासाठी या मंडळींनी रुग्णाच्या दिनक्रमाची जी नोंद ठेवली, तिच्यात पाच वेळा महत्त्वाच्या मानल्या: अंथरुणातून उठण्याची, कामाला लागण्याची, रात्रीच्या जेवणाची, झोपण्याची, आणि दिवसात पहिल्यांदा दुसऱ्या माणसाशी गाठ पडण्याची. ही पाचवी वेळ जेवणझोपेच्या पंक्तीला बसविलेली पाहून प्रथम आश्चर्य वाटते. विचार करता वाटेनासे होते.

दुसरा धागा भीतीचा. संकटाची चाहूल लागताच मज्जासंस्थेचा एक भाग नाडी वाढवतो, रक्तदाब चढवतो, पचन थांबवतो. दुसरा भाग संकट टळल्यावर हे सारे उतरवतो. हा उतार ज्याला नियमित लाभत नाही, त्याचे शरीर कायम पहाऱ्यावर उभे असल्यासारखे झिजते. व्हर्जिनिया विद्यापीठातील जेम्स कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये १६ विवाहित स्त्रियांवर एक साधा प्रयोग केला. विजेचा सौम्य धक्का बसेल, अशी पूर्वसूचना त्यांना मिळत असताना मेंदूची चित्रे घेतली. हात मोकळा असताना मेंदूतील धोक्याला प्रतिसाद देणारे भाग सर्वाधिक चेतले, अनोळखी माणसाचा हात हाती असताना थोडे कमी, आणि पतीचा हात हाती असताना सर्वांत कमी. ज्यांचा संसार अधिक समाधानाचा, त्यांच्यात ही घट अधिक होती. धक्का तोच होता; तो एकट्याने सोसायचा की कोणाच्या संगतीत, एवढाच फरक.

अर्थात या शेवटच्या निष्कर्षात एक सूचनाही आहे, आणि एकत्र कुटुंबाचे गोडवे गाणाऱ्यांनी ती विसरू नये. सहवास म्हणजे शांतता नव्हे. ओहायोमध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एकमेकांशी कडवटपणे बोलणाऱ्या जोडप्यांच्या अंगावरील लहानशा जखमा इतरांपेक्षा सावकाश भरून आल्या. ज्या घरात सून सासऱ्यांच्या खाकरण्यासरशी दचकते, तेथे माणसे भरपूर असतात आणि तिच्या मज्जासंस्थेला उसंत मिळत नाही. तेव्हा प्रश्न माणसांच्या संख्येचा नाही. विश्वासाची माणसे, ठरलेल्या वेळी, पुन्हा पुन्हा भेटणे, हा आहे. यातील विश्वास कायद्याने निर्माण करता येत नाही. ठरलेली वेळ मात्र कायद्याने आणि कामाच्या वेळापत्रकाने राखता येते, किंवा मोडता येते.

ती कशी राखली जात होती, याचे एक उदाहरण मुंबईतच होते. गिरणगावात गिरण्या तीन पाळ्यांत चालत: सकाळी ७ ते दुपारी साडेतीन, तेथून मध्यरात्रीपर्यंत, आणि मध्यरात्रीपासून पुन्हा सकाळी ७ पर्यंत. रातपाळीने शरीराची जी हानी होते ती त्या कामगारांचीही होत होती; ते काही वेगळ्या मातीचे नव्हते. पण त्यांच्याभोवती एक सामाजिक रचना होती. कोकणातल्या किंवा घाटावरच्या एकाच गावाची माणसे चाळीत एकच खोली घेऊन राहत. तिला गावकऱ्यांचा गाळा म्हणत. प्रत्येकाच्या वाट्याला एक ट्रंक आणि एक वळकटी. एका पाळीचा उठला की त्या जागेवर दुसऱ्या पाळीचा आडवा होई. गिरणीचा भोंगा साऱ्या वस्तीचा दिवस बांधून देई. आणि पाळीवरून येणाऱ्या माणसाच्या वेळेला खानावळीत पान वाढलेले असे. खानावळ चालवणारी बाई बहुधा कामगाराचीच पत्नी किंवा विधवा. आपल्या खोलीतच पंधरा-वीस जणांचा स्वयंपाक करणारी. कोण कोणत्या पाळीला आहे, कोण दोन दिवस जेवायला फिरकला नाही, कोणाचा ताप उतरला नाही, हे तिला पाठ असे. शनिवारी भजन, शिमगा-गणपतीला गावी जाण्याची एकत्र तयारी. थकलेल्या शरीराला ‘आता पहारा सोडायला हरकत नाही’ अशी खूण देणारी ही माणसे होती.

या चित्राला सोनेरी चौकट लावण्याचे कारण नाही. त्या गाळ्यांत क्षय होता, दारू होती. जातीची भिंत तर गिरणीच्या आतही होती. विणखात्यात धागा तोंडाने ओढावा लागतो, या सबबीखाली अस्पृश्य मानलेल्या कामगारांना त्या अधिक मजुरीच्या खात्याबाहेर ठेवले जाई. खानावळवालीची स्वतःची झोप किती होती, हे तर कोणी मोजलेच नाही. तिन्ही पाळ्यांची पाने वाढणाऱ्या बाईला चौथी पाळी नसते. सावकाराच्या पाशातून या बायकांची सुटका व्हावी म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि त्यांना बँकांची कर्जे मिळवून दिली, तेव्हा कोठे त्यांच्या श्रमाला हिशेबाच्या वहीत जागा मिळाली. पण उणिवा मान्य करूनही एवढे म्हणावे लागते, की पाळीच्या कामाची शरीराला द्यावी लागणारी किंमत या व्यवस्थेने काही अंशी उचलली होती. ती किंमत गिरणीमालकांच्या ताळेबंदात कधी दिसली नाही. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर एकेक करून गिरण्या बंद पडल्या, गाळे विस्कटले, खानावळी थंडावल्या. त्याच कामगारांपैकी आणि त्यांच्या मुलांपैकी कितीतरी जण पुढे उंच इमारतींच्या दाराशी बारा-बारा तासांच्या पहाऱ्यावर उभे राहिले. पाळी राहिली, पाळीभोवतीची माणसे गेली.

अर्थशास्त्रात ज्या वस्तूचा उपयोग ती इतरांकडेही असल्याने वाढतो, तिचा विचार वेगळ्या रीतीने केला जातो. दूरध्वनी हे ठरलेले उदाहरण: गावात एकट्याकडेच दूरध्वनी असेल तर तो शोभेची वस्तू होय. मोकळा वेळ हीसुद्धा अशीच वस्तू आहे, असे यंग आणि लिम या समाजशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये दाखवून दिले. अमेरिकेतील सुमारे पाच लाख लोकांच्या मुलाखतींची आकडेवारी तपासता, शनिवार-रविवारी नोकरदारांची मनःस्थिती सुधारते, हे दिसले. त्यात नवल नाही. नवल हे, की बेकारांची मनःस्थितीही त्याच दोन दिवसांत सुधारते आणि सोमवारी तशीच ढासळते. बेकाराला सातही दिवस मोकळेच असतात. पण सोमवार ते शुक्रवार त्याच्याशी बोलायला कोणी मोकळे नसते. स्वीडनमधील एका अभ्यासात, ज्या महिन्यांत अधिक लोक एकाच वेळी रजेवर असतात त्या महिन्यांत नैराश्यावरील औषधांचा खप कमी होतो, असे आढळले आहे.

याहून बोलका दाखला सोव्हिएत रशियाचा आहे. यंत्रे एक दिवसही थांबू नयेत म्हणून १९२९ मध्ये तेथे रविवार रद्द करून पाच दिवसांचा ‘अखंड’ आठवडा सुरू करण्यात आला. कामगारांचे पाच गट पाडले, प्रत्येक गटाला एक रंग दिला आणि प्रत्येकाची सुट्टी वेगळ्या दिवशी ठेवली. चार दिवस काम, पाचव्या दिवशी रजा. म्हणजे सातांत एक सुट्टीऐवजी पाचांत एक. विश्रांती वाढलीच होती. तरीही तक्रारींचा ओघ सुरू झाला. पती एका रंगाचा, पत्नी दुसऱ्या, मुले शाळेत आणि मित्र कामावर. अशा सुट्टीचे करायचे काय? यंत्रांची देखभाल कोणा एकाची जबाबदारी न राहिल्याने तीही बिघडू लागली. १९३१ मध्ये सर्वांना एकाच दिवशी सुट्टी देणारा सहा दिवसांचा आठवडा आला आणि १९४० मध्ये रविवार परतला. ज्या राजवटीला माणसांच्या सोयीगैरसोयीची फारशी फिकीर नव्हती, तिलाही अकरा वर्षांत हा फेरा पूर्ण करावा लागला.

आज कोणी रंगाची चिठ्ठी वाटत नाही. पण पुण्या-मुंबईतील एखाद्या कुटुंबाकडे पाहिले, की तोच आठवडा निराळ्या वाटेने परतलेला दिसतो. मुलगा अमेरिकेच्या वेळेवर चालणाऱ्या कार्यालयात रात्री फोन घेतो, सून मॉलमध्ये असल्याने तिची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, वडील सुरक्षारक्षक, आणि धाकटा दहा मिनिटांत किराणा पोहोचवणाऱ्या कंपनीसाठी, मागणी असेल तेव्हा, दुचाकीवर. चौघांचीही मिळकत आहे. चौघेही एका ताटावर केव्हा बसतात, हे त्यांनाही पटकन सांगता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये रातपाळीचे काम ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात घातले. त्याच आरोग्य संघटनेच्या जून २०२५ च्या अहवालानुसार जगातील दर सहा माणसांपैकी एकाला एकाकीपणा ग्रासतो आणि त्याच्याशी निगडित मृत्यूंचा अंदाज वर्षाला ८ लाख ७१ हजार आहे. या दोन माहितींना जोडणारी गोष्ट म्हणजे कामाचे वेळापत्रक. पण एकीचा विचार आरोग्य खाते करते, दुसरीचा फारसा कोणीच करत नाही, आणि वेळापत्रक उद्योग खात्याच्या टेबलावर असते.

यावर एक रास्त आक्षेप येईल. रुग्णालये, वीज, रेल्वे रात्री बंद ठेवायची का? चोवीस तास चालणाऱ्या दुकानांनी आणि कार्यालयांनी हजारोंना, विशेषतः तरुण स्त्रियांना, रोजगार दिला, तो नको का? कोणीही शहाणा माणूस तसे म्हणणार नाही. रातपाळीची परिचारिका हवीच. परंतु जे अपरिहार्य आहे ते आणि जे केवळ सोयीचे आहे ते, यांत फरक करावा लागतो. मध्यरात्री प्रसूती होणे ही गरज आहे. मध्यरात्री आइस्क्रीमचा डबा दहा मिनिटांत दारात येणे ही हौस आहे. हौसेला बंदी नसावी. पण तिच्या किमतीत पोहोचवणाऱ्याच्या मोडलेल्या दिनक्रमाचा वाटा धरलेला नसेल, तर ती हौस स्वस्त नाही. तिचे बिल दुसऱ्याच्या घरी पाठवले जात आहे, एवढेच.

लेखी संमतीच्या कलमाची अडचणही येथेच आहे. संमती देणार एकटा कामगार, आणि त्याच्या संध्याकाळीवर भागीदारी असते चार-पाच माणसांची. त्यांची सही कोणी मागत नाही. शिवाय एकाने नकार दिला आणि बाकीच्यांनी होकार, तर नकार देणाऱ्याच्या पदरी रिकामी चाळ आणि कमी पगार पडतो. अशा ठिकाणी प्रत्येकाच्या स्वतंत्र निवडीतून सर्वांना नको असलेला परिणाम निघतो. लोखंड्यांनी रविवार एकेका कामगाराच्या मर्जीवर न सोडता सर्वांसाठी मागितला, तो यामुळेच.

मग नियमांत काय घालता येईल? फार मोठ्या गोष्टी नकोत. अमेरिकेतील ऑरेगन राज्याने २०१७ मध्ये कायदा करून मोठ्या दुकानांना, हॉटेलांना व उपाहारगृहांना कामाचे वेळापत्रक आधी जाहीर करणे बंधनकारक केले. प्रथम सात दिवस, २०२० पासून चौदा दिवस आधी. ऐनवेळी बदल केला तर जादा पैसे. फ्रान्सने २०१७ पासून मोठ्या कंपन्यांवर, कामाच्या वेळेबाहेर संपर्कापासून मुक्त राहण्याच्या हक्काविषयी कामगारांशी वाटाघाट करण्याचे बंधन घातले. महाराष्ट्रात बारा तासांचा दिवस आणायचाच असेल, तर त्याबरोबर मिळणाऱ्या तीन सुट्ट्यांपैकी किमान एक ठराविक वारी, पाळीच्या संपूर्ण गटाला एकत्र मिळावी. पती-पत्नी एकाच औद्योगिक वसाहतीत असतील तर त्यांच्या सुट्टीचा वार जुळवून मागण्याचा हक्क असावा. पाळी बदलताना ती सकाळकडून दुपारकडे आणि दुपारकडून रात्रीकडे पुढे सरकावी, उलट नव्हे. शरीराला पुढे सरकणे तुलनेने सोपे जाते. आणि जेवणाची सुट्टी एकेकट्याला सोडून न देता गटाने एकत्र द्यावी. लोखंड्यांच्या अर्जातली अर्ध्या तासाची सुट्टी मोजायला लहान होती, पण त्या अर्ध्या तासात डबे एकत्र उघडले जात.

यांतील पहिल्या गोष्टीला, म्हणजे महिन्याच्या पाळ्या पंधरा दिवस आधी लावण्याला, कारखान्याला एक फळा आणि एक खडू एवढाच खर्च येतो. नव्या नियमांचा मसुदा जेव्हा केव्हा हरकतींसाठी लोकांपुढे ठेवला जाईल, तेव्हा तासांच्या रकान्याशेजारी वाराचाही एक रकाना आहे का, हे कामगार संघटनांनी आधी पाहावे.